करंगळी

कॅमेरा घडवणाऱ्यानं धरूनच चाललं होतं
की माणसाला उजवा हात असतो.
बटण उजवीकडे, चाक उजवीकडे,
मूठ उजव्या बोटांच्या मापाची.
पंचवीस वर्षं मलाही ते कधी दिसलं नाही.

मग प्रकाशाच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली
आणि खांद्यातली नस तुटली.
हात आहे. साबण लावायला आहे, बाहीत घालायला आहे,
थंडीत गार पडायला आहे.
सांगितलेलं ऐकत नाही, एवढंच.

दुकानात पासपोर्ट फोटो पुतण्या काढायचा.
मी बाकावरून म्हणायचो, हनुवटी खाली. अजून थोडी.
एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं,
तेव्हा सहज कॅमेरा डाव्या हातात उलटा धरला,
वटवाघळासारखा.
मूठ डावीकडे आली. बोटं आपोआप वळली.
बटण आलं नेमकं करंगळीखाली.

करंगळी!
शाळेत एवढंच काम होतं तिला,
वर होऊन बाहेर जायची परवानगी मागायचं.
पुढे कपाच्या कानाबाहेर ताठ उभं राहायचं.
देवाची गोष्ट वेगळी, त्यानं तिच्यावर डोंगर पेलला.
माझ्याच्यानं पहिल्या दिवशी अर्धं बटण दाबवेना.
उंबरठ्यावर नेम धरावा तर फोटोत छत यायचं.

वजनाचं कोडं सुपडू लोहारानं सोडवलं.
फ्लॅशची खाच आता खालच्या अंगाला आली होती.
तिथे त्यानं एक लोखंडी जीभ बसवली,
जिभेला हातभर बांबू,
बांबूचं टोक कमरेच्या चामडी खिशात,
मिरवणुकीत निशाण धरणाऱ्याच्या असतो तशा.
पैसे विचारले तर म्हणाला,
"भो, पयले मना फोटो काढ."
काढला. दाबेदाबेपर्यंत तो भात्याकडे वळला होता.
पाठच आली. तीच घेऊन गेला.

फ्लॅश गेला.
झूम गेलं, ते फिरवायला दुसरा हात लागतो.
जवळ जायचं तर आता पायांनी जायचं,
आणि समोरच्याला कळतं, हा जवळ आलाय.

कार्डावर सगळं उलटं उतरतं.
नवरदेव डोक्यावर उभा, मंडप पायाखाली,
अक्षता वर चाललेल्या.
रात्री पुतण्या एकेकाला सरळ करतो
आणि कुरकुरतो.

माघात मी मिरचीच्या पथारीवर जातो.
नंदुरबारच्या बाहेर, नजर पुरणार नाही इतकं लाल.
तोंडाला फडकी बांधून बाया मिरची पसरत असतात.
तिथे श्वास घेतला की ठसका,
ठसका लागला की फोटो हलला.
दोन हातांच्या माणसालाही यात सूट नाही.
मी छातीत हवा कोंडतो, कोपर बरगडीला टेकवतो,
करंगळीला म्हणतो, चल गं.

रमकूबाईनं निरखून पाहिलं.
"दादा, यंतर उलटं शे तुनं.
मी सुलटीच येसू ना?"
म्हटलं, रात्री सुलटी होशील.
ती हसली. फडक्यावरच्या डोळ्यांनी कळलं.

ऊन कलल्यावर हात पुसत आली.
"आण इकडे. तुनाबी काढस."
तिनं कॅमेरा सुलटा धरला, दोन्ही हातांनी,
परातीसारखा.

मी उभा राहिलो आणि अडलो.
पंचवीस वर्षं लोकांना सांगत आलो,
हात असा ठेवा, मांडीवर, खुर्चीच्या पाठीवर,
पोराच्या खांद्यावर.
"हात कुठे ठेवू?"
"जठे शे तठे ऱ्हाऊ दे."

उजेड उतरला होता, आणि तिनं दाबलं
तेव्हाच नेमका मला ठसका लागला.
फोटोत माझा चेहरा पुसल्यासारखा आहे.
डावा हात धूर.
उजवा तेवढा स्वच्छ आलाय:
खिशाला अडकवलेला अंगठा, चार बोटं,
आणि नखांत, कधी शिरली कोण जाणे,
मिरचीची भुकटी.